शौकिनांचे देणे

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना कुस्तीचे वेड आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. आम्हांला हे विधान आता मान्य करवत नाही. कुस्तीचा अभिमान येथे भरपूर आहे, यात शंका नाही. परंतु अभिमान बाळगावयास कवडीही लागत नाही, आणि वेड म्हटले की पदरमोड आलीच. ती पदरमोड कोठे गेली, एवढेच आम्हांला विचारावयाचे आहे.

१४ जानेवारी २०२३ रोजी पुण्यात कोथरूडला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. तो नांदेड जिल्ह्याकडून लढला होता, म्हणून गदा नांदेडला आली असे आपण म्हणालो आणि सुखावलो. मल्ल पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील राक्षेवाडीचा. त्याची तालीम पुण्याच्या कात्रजची. त्याच्या अंगाला लागलेल्या मातीत नांदेडची चिमूटभरही माती नव्हती. मल्लाचा यात काडीइतका दोष नाही. त्याने आपल्या घामाचे मोल आपल्या नावाला जोडून दिले, हे त्याचे आपल्यावर उपकारच समजावयाचे. प्रश्न आपला आहे. आपण त्याला नावापलीकडे काय दिले?

लातूरची गोष्ट याहून बोचरी आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, रुस्तुम-ए-हिंद म्हणून ते देशभर गाजले. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी मुले घडविली ती पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. त्यांचे शिष्य काका पवार हे लातूर जिल्ह्यातलेच. अर्जुन पुरस्काराचे मानकरी असलेल्या या मल्लाने कुस्ती संकुल उभारले तेही कात्रजला. म्हणजे वस्ताद लातूरचा, शिष्य नांदेडच्या नावाचा आणि हौद पुण्याचा! बाभळगावपासून बिलोलीपर्यंत ज्या पोराला कुस्ती करावयाची आहे, त्याच्या बापाला आधी पुण्यातल्या खोलीभाड्याचा आणि खुराकाचा हिशोब मांडावा लागतो. दूध, तूप, बदाम यांचा महिन्याचा आकडा ऐकून किती बापांनी पोराला तालमीऐवजी दुसरीकडे लावले असेल, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

पूर्वी असे नव्हते. गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड हा गावाच्या वर्गणीवर उभा राहत असे. घरटी पैसा निघे, ज्याच्याकडे पैसा नाही तो ज्वारीची पायली देई. हलगी वाजू लागली की आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या लागत, शेवटी मानाची. जिंकलेला गडी फडाभोवती फिरे आणि म्हातारेकोतारे कनवटीची नोट काढून त्याच्या हातावर ठेवीत. डाव चुकला तर तेच म्हातारे भर फडात शिव्याही हासडीत. तो त्यांचा हक्क होता, कारण त्यांनी त्याचे दाम मोजलेले असत. आज लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, दंगल होते, गर्दीही लोटते. आयोजनाचा भार मात्र जिल्हा परिषदेवर. आपण शेंगा खात पाहावयाचे आणि मोबाइलवर चित्रण करून घरी जावयाचे.

यावर कोणी म्हणेल, काळ बदलला, तरुणांना क्रिकेट आवडते, त्याला कोण काय करणार? आवडू द्या. आमचा क्रिकेटवर राग नाही. परंतु त्या आवडीचे स्वरूप तरी पाहा. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले. घागरींच्या रांगेत उभे राहून त्या सामन्यांसाठी हळहळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हसण्याचे आमचे धाडस नाही. प्रेम खरेच होते. पण ज्या संघांसाठी ते हळहळत होते, त्या संघांना लातूर नावाचे गाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तेथे मालक दुसरा आणि मैदानही दुसऱ्याचे. आपले ते फक्त डोळे.

तर मग धंद्याच्या खेळात प्रेक्षकाला याहून निराळे काही करता येते काय? येते. ऑस्ट्रेलियात लंबवर्तुळाकार मैदानावर हातापायांनी खेळला जाणारा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. मेलबर्नजवळच्या फूट्सक्रे या कामगार वस्तीचा संघ कर्जात बुडाला, तेव्हा १९८९ साली लीगने तो दुसऱ्या संघात विलीन करण्याचे जाहीर केले. वस्तीतली माणसे न्यायालयात गेली, रस्त्यावर डबे घेऊन उभी राहिली, आणि काही आठवड्यांत त्यांनी संघ वाचविण्यापुरता पैसा जमविला. पुढे वेस्टर्न बुलडॉग्ज या नावाने खेळू लागलेल्या त्या संघाने २०१६ साली, म्हणजे बासष्ट वर्षांनी, अजिंक्यपद मिळविले. ते कामगार काही आमच्यापेक्षा श्रीमंत सावकार नव्हते.

सरकारने करावे, हे आमच्या लोकांचे आवडते उत्तर आहे. सरकारने मॅट द्यावी, शिष्यवृत्ती द्यावी, हे खरेच. ते मागावयास हवेच. पण वस्तादाचा पगार आणि चार पोरांचे दूध यांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवीत बसण्याची वेळ ज्या तालुक्यावर येते, त्या तालुक्याने स्वतःला कुस्तीचा शौकीन म्हणवू नये. फडात फेटे उडविणारे पाचशे जण तालुक्यात सहज निघतात. त्यांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाचे तीन लाख होतात. एवढ्यात पुण्याची बरोबरी होणार नाही, हे आम्ही जाणतो. बारा वर्षांच्या पोराला मात्र निदान सोळा वर्षांपर्यंत गावी राहून हौदात उतरता येईल.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत लातूरच्या शैलेश शेळके याने एका गुणाने गमावली. जिंकणारा नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही कात्रजच्या एकाच तालमीतले. गदा मिळण्यापूर्वी हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरविले. हरलेल्या आपल्या गड्याला खांद्यावर घेणे हे खरे तर लातूरकरांचे काम होते.