गाडीभाड्यापुरते

कुष्ठरोगाने वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी सरळ करता येतात. मग हाताला पुन्हा बटण लावता येते, विळा धरता येतो, भाकरी थापता येते. ही शस्त्रक्रिया सरकारी यंत्रणेत फुकट होते, तरी माणसे वेळेवर येत नाहीत. आधी ऑपरेशन, मग प्लास्टर, मग बोटांचे व्यायाम. तेवढे आठवडे मजुरी बुडते, आणि सोबत थांबणाऱ्या बायकोची किंवा लेकाचीही बुडते. ही अडचण ओळखून राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात अशा रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी आठ हजार रुपये मिळू लागले. अलीकडे ते बारा हजार झाले. सरकारच्या हजारो योजनांमध्ये ही एक आम्हाला फार शहाणी वाटते, कारण तिने डॉक्टरच्या टेबलापलीकडे, रुग्णाच्या घरच्या चुलीपर्यंत हिशेब केला.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग अशाच लहान रकमांवर आहे. दिव्यांग माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवणारा पैसा किती लागतो, तो कुठे असतो आणि कुठे अडतो, हे आमच्या लेखकांनी वर्धा जिल्हाभर फिरून पाहिले. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे आमच्याच एका जुन्या वर्गणीदारांनी विचारले. त्यांना उत्तर असे, की हा अंकही पाव पानाच्या जाहिरातींवर निघतो. कापड दुकान, कृषी केंद्र, चष्मेवाला, मंगल कार्यालय. लहान रकमेची ताकद आमच्याइतकी कोणाला ठाऊक असणार!

वर्ध्याला कुष्ठसेवेचा वारसा मोठा आहे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरचे काम उभे केले. कुष्ठरोग्याला वेशीबाहेर काढण्याचा तो काळ होता. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हाच आजार घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना जवळच कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांची मालिश केली. आश्रमात येणारे प्रवासी बापू कुटीपुढे फोटो काढतात. परचुरे कुटीपुढे फार कोणी थांबत नाही. पुढे १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात स्थापन झाले. रुग्णाने दवाखान्यात यावे म्हणून वाट न पाहता कार्यकर्त्यांनीच गावोगाव जाऊन तपासणी करावी, लोकांना समजावावे आणि तिथेच औषध द्यावे, ही पद्धत त्या संस्थेने रुजवली आणि देशाने उचलली. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाले, त्यांतही वर्धा होता.

दवाखान्यांचीही आपल्याकडे वानवा नाही. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले, १९९० मध्ये सावंगीला दुसरे निघाले, आणि शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहेच. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला एवढी सोय महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. मग आष्टी-कारंजाकडचे सेरेब्रल पाल्सीचे लेकरू फिजिओथेरपीला महिन्यातून एकदाच का येते? थेरपी तर आठवड्यातून दोनदा हवी. आई सांगते तो हिशेब असा: गावातून फाट्यापर्यंत काळीपिवळी, पुढे एसटी, बसस्थानकावरून ऑटो, लेकरू उचलायला सोबत आणखी एक माणूस, आणि दोघांची त्या दिवसाची मजुरी. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. पण एसटी फाट्यावर थांबते, आणि काळीपिवळीत सवलत नाही.

हे अंतर पैशाने कापता येते, आणि तो पैसा थोडाच लागतो, हे सेवाग्रामने एकदा करून दाखवले आहे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची. गावातली किमान तीन-चतुर्थांश घरे सामील झाली तरच गाव योजनेत घ्यायचे. मोबदल्यात गावात आरोग्यसेवक, औषधे, आणि रुग्णालयात उपचारांची सवलत. आजारपण आल्यावर पैसे गोळा करायला धावायचे नाही, ते आधीच गावात असतील, ही त्यातली मेख होती. पुढे रानडुकरांनी आणि सोयाबीनने ज्वारी शिवारातून हटवली, धान्याची जागा रोख रकमेने घेतली. योजनेचा गाभा मात्र कायम राहिला: पैसा थोडा, पण गावाचा आणि वेळेवर.

आता कायद्याकडे येऊ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. विदर्भाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची भर म्हणजे सिकलसेल. सिकलसेलचा रुग्ण वरून धडधाकट दिसतो, रांगेत त्याला कोणी पुढे जाऊ देत नाही, आणि एका रात्रीत हाडे ठणकू लागली की त्याला तातडीने भरती करावे लागते. रात्री अकराला गावातून गाडी करायची तर किती द्यावे लागतात, हे त्याच्या घरच्यांना विचारा. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत उपचार, सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यांविना प्रवेश, आणि तपासणीत प्राधान्य हे सारे लिहिलेले आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंत विमा देते, ओपीडी आणि थेरपीसकट. योजना चांगली आहे, पण आधी खर्च करा, बिले जोडा, मग पैसे मिळतील, अशी तिची रीत. ज्याच्याकडे आधी खर्चायलाच नाहीत, त्याने काय जोडायचे?

म्हणून आमचा सारा भर ग्रामपंचायतीच्या पाच टक्क्यांवर आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पूर्वी तो तीन टक्के होता. समजा, एखाद्या गावची घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर वसुली मिळून चार लाख होते. त्याचे पाच टक्के वीस हजार. लहान गावात पाच हजारसुद्धा निघणार नाहीत. एवढ्याशा पैशाचे काय करायचे म्हणून बहुतेक ठिकाणी मार्च उजाडतो आणि घाईघाईत 'वाटप' होते. सतरंज्या, भांडी, एखादी रक्कम सगळ्यांना सारखी. सोबत सरपंच, सचिव आणि लाभार्थी यांचा फोटो. समान वाटणी दिसायला न्यायाची असते. पण ज्याला महिन्याला थेरपीला जायचे आहे आणि ज्याला वर्षातून एकदा चपलांची जोडी हवी आहे, त्या दोघांना सारखेच पैसे देणे म्हणजे दोघांचेही काम न करणे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी मऊ रबराची खास चप्पल लागते. ती नसली तर काटा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि मोठा खर्च तिथून सुरू होतो.

वीस हजारांत काय होते, याचे एक जवळचे उदाहरण म्हणजे आरोग्य उपकेंद्राचा उतार, म्हणजे रॅम्प. नियम एकास बाराचा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर बारा फूट उतार हवा. आमच्या लेखकांनी पाहिलेल्या कितीतरी इमारतींत तो चार-पाच फुटांत उरकलेला होता, वर गुळगुळीत फरशी, कडेला कठडा नाही, आणि पायथ्याशी फटफटी लावलेली. अशा उतारावरून चाकाची खुर्ची ढकलायला दोन गडी लागतात आणि उतरवायला नशीब. बिलात मात्र 'रॅम्प पूर्ण'. तो बांधण्याआधी गावातल्या एका चाकखुर्चीवाल्याला दहा मिनिटे बोलावले असते, तर तेवढ्याच सिमेंटात काम झाले असते. उतार झाला तरी आत तपासणीचे टेबल उंच असते. पायाने अधू असलेल्या गरोदर बाईला त्यावर चढवताना काय होते, ते कोणत्याही आशाताईंना विचारावे. आणि कर्णबधिर माणसाचा नंबर पुकारून काय उपयोग? तिथे पाटीवर आकडा लिहायला खडूदेखील पुरतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. देशाचे प्रमाण निघाले २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगात सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अक्षमता असल्याचे सांगते. व्याख्या वेगळ्या आहेत, हे मान्य. पण इतकी तफावत केवळ व्याख्येची नसावी. जो नोंदला जात नाही, त्याच्यासाठी पाच टक्क्यांतला पैसाही हलत नाही. आणि नोंदीसाठी प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या वारी शहरात जायचे, म्हणजे पुन्हा भाडे. आमच्या मते या निधीचा पहिला खर्च हाच असावा: प्रमाणपत्रासाठी जाणाऱ्याला आणि त्याच्या सोबत्याला गाडीभाडे, निघण्यापूर्वी, हातात. पावती नंतर. चार जण एकाच दिवशी निघाले तर गावातलीच एक गाडी पुरते. यात गैरव्यवहार होईल, असे एका ग्रामसेवकांनी आम्हाला सांगितले. होईलही, दोन-चारशे रुपयांचा. चुकीच्या उतारावर त्याहून बरेच जास्त सिमेंट वाया गेलेले आहे.

विशेष विभागाच्या शेवटी एक अर्जाचा नमुना छापला आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न किती, पाच टक्के किती झाले, कोणत्या कामावर आणि कोणाच्या सांगण्यावरून खर्च झाले, एवढेच प्रश्न त्यात आहेत. माहिती अधिकाराची फी दहा रुपये. नमुन्याच्या झेरॉक्स बेलाशक काढाव्यात, त्यावर आमचा हक्क नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी उत्तर हातात असले तर मार्चच्या वाटपापूर्वी बोलायला दोन महिने मिळतात. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा; गावाच्या नावासकट, आहेत तशी, ती पुढच्या अंकात छापू. जाहिराती कमी पडल्या तरी या उत्तरांची पाने कमी करणार नाही.