सीट त्याची, तिकीट माझं

जर्मनीहून परत आल्यापासून हॉस्टेलमध्ये मला तीनच प्रश्न विचारले जातात. थंडी किती होती? खायचं काय केलंस? आणि तिसरा, जो मेसच्या टेबलावर आवाज खाली करून विचारतात, तो या पानावर छापण्यासारखा नाही. चौथा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, म्हणून मीच विचारतो. एक्स्चेंजच्या यादीत माझा नंबर दुसरा होता आणि सीट एकच होती. मग मी गेलो कसा?

पहिला नंबर माझ्या रूममेटचा होता. आम्ही दोघंही किनवट तालुक्यातले. मी गावातला, झेड.पी.च्या मास्तरांचा मुलगा. तो मांडवीकडचा, आश्रमशाळेत शिकलेला, घरी चार एकर कोरडवाहू. सी.जी.पी.ए. त्याचा चांगला, हातही त्याचाच चांगला. फूरिये ट्रान्सफॉर्म मला सरांच्या लेक्चरमध्ये नव्हे, त्याने मेसच्या बिलामागे काढून दाखवला तेव्हा कळला. तरी २०२५ च्या मार्चअखेर नंदीग्राम एक्स्प्रेसला बॅग घेऊन मी चढलो, आणि तो मला सोडायला स्टेशनवर आला होता.

कारण फक्त एक आकडा. एक्स्चेंजमध्ये तिथली फी माफ असते, हे खरं. पण व्हिसासाठी जर्मनीला दाखवावं लागतं की पोरगा तिथे उपाशी मरणार नाही. त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाचं खातं काढायचं आणि त्यात महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने पैसे आधीच भरून टाकायचे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. तेव्हाच्या भावाने पाच लाख पस्तीस हजारांच्या घरात! माझ्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढले. "जाऊन ये. पैसे काय, पुन्हा येतेत," एवढंच म्हणाले. त्याच्या वडिलांकडे काढायला फंड नव्हता. बँकेत गेलो दोघं, तर साहेब म्हणाले, पूर्ण डिग्रीला कर्ज देतो, एका सेमिस्टरसाठी आमच्याकडे फॉर्मच नाही. मग सरकारी योजना पाहिल्या. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, आदिवासी विकास विभागाची वेगळी आहे. दोन्ही चांगल्या, पण परदेशात पूर्ण पदवी घेणाऱ्यांसाठी. सहा महिन्यांसाठी जाणारा कुठेच बसत नाही. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी त्याने नाव मागे घेतलं आणि मला म्हणाला, "सीट वाया जायली. तू तरी जा."

आता गाव कसं होतं ते सांगतो, कारण युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस आणि आयफेल टॉवरच डोळ्यापुढे येतो. मी गेलो इल्मेनाउला. थ्युरिंगिया राज्यातलं, जंगलाच्या कुशीतलं गाव, एर्फुर्टहून लोकल गाडीने तासाभरावर. २०११ च्या जनगणनेत किनवटचे लोक अठ्ठावीस हजारांच्या पुढे होते. इल्मेनाउ अलीकडे आजूबाजूची खेडी जोडून चाळिशीकडे सरकलंय, म्हणजे फार मोठं नाहीच. आपल्याकडे पैनगंगा, तिथे इल्म. नदी म्हणायची इतकंच, आपल्या पैनगंगेसमोर तो ओढा! आपल्याकडे सागवान, तिथे सूचिपर्णी झाडं. फरक एवढाच की त्या गावात १८९४ पासून तंत्रशिक्षण चालू आहे आणि आज टेक्निकल युनिव्हर्सिटी आहे. आपण ज्या एमपी३ वर अख्खी जवानी घालवली, ते घडवणाऱ्यांपैकी एक, कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग, तिथेच प्राध्यापक होते. जवळच्या किकेलहान डोंगरावर एक लाकडी झोपडी आहे. त्या जागच्या जुन्या झोपडीच्या भिंतीवर १७८० मध्ये कवी गटेने आठ ओळी लिहून ठेवल्या. हाच गटे पुढे आपल्या 'शाकुंतला'वर खूश झाला. आपण सहस्रकुंडला गेलो की दगडावर जे लिहून येतो त्यापेक्षा ते जरा बरं असावं.

लहान गावात हरवायला होत नाही. पंधरा दिवसांत बेकरीवाली बाई ओळखायला लागली. घरभाडं परवडतं. लेक्चर वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं, हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी मी रिकाम्या वर्गात बसून राहिलो. लेक्चर संपलं की पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. मला वाटलं, सरांवर चिडलीत! परीक्षेला नाव आपलं आपणच नोंदवायचं, कुणी आठवण करत नाही. आणि १ म्हणजे सर्वांत भारी, ५ म्हणजे नापास. मी घरी फोन करून आनंदाने सांगितलं, १.७ मिळाले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मास्तर म्हणाले, "कितीपैकी?"

या सगळ्यात मला सारखा रूममेट आठवायचा. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपपुढे बसलो की वाटायचं, इथे त्याने माझ्या दुप्पट काम केलं असतं. इंग्रजीची भीती म्हणाल, तर तिथल्या निम्म्या पोरांचं इंग्रजी आपल्याइतकंच मोडकं होतं.

माझ्या शेजारच्या खोलीत स्पेनचा मुलगा होता. बाप सुतार. मी एकदा विचारलं, तुझ्या घरच्यांनी पैसे कसे उभे केले? त्याला प्रश्नच कळेना. तो 'इरॅस्मस'वर आला होता. १९८७ पासून चालू असलेल्या या योजनेत त्यांची पोरं एका देशातून दुसऱ्या देशात सेमिस्टरला जातात आणि खर्चासाठी दरमहा अनुदान मिळतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण नोटीस बोर्डावर 'गुणवत्तेनुसार निवड' लिहितो, पण शेवटी निवड बापाच्या फंडावर होते. मी त्याच निवडीतून गेलो, म्हणून हे म्हणायला जरा लाज वाटते.

आता हिशेब. माझा महिन्याचा खर्च खोलीभाडं, विमा, जेवण धरून साडेसहाशे युरोंच्या आसपास. म्हणजे खात्यातले दोन हजारांच्या वर उरले. शिवाय मेन्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मेसमध्ये, तीन महिन्यांत शंभर तास ताटं घासली. २०२५ चा तिथला किमान दर तासाला १२.८२ युरो. जवळपास सहा हजार नेले, त्यातले निम्म्याहून जास्त परत आले. विमानाचं तिकीट वेगळं, आणि उरलेली रक्कमही आमच्यासारख्यांना लहान नाही, हे मान्य. पण हे काही पाण्यात गेलेले पैसे नव्हेत. जे खातं भरतं आणि परत बऱ्यापैकी रिकामं होऊन येतं, त्यासाठी कॉलेजने उसने द्यायला काय हरकत आहे? माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून गेटची कमान झाली, छान झाली. तेवढ्याच पैशात दर वर्षी एका पोराचं खातं भरता येईल. तो आल्यावर उरलेले परत करील, बाकीचे नोकरी लागल्यावर हप्त्याने. पुढच्या वर्षी तेच पैसे दुसऱ्याला. स्टाफपैकी कुणी म्हणेल, पोरगा पळून गेला तर? मग प्रॉव्हिडंट फंडवाल्याचा पोरगा पळत नाही, हे कशावरून?

दुसरी एक गोष्ट ऑफिसला सांगायची. त्यांचं सेमिस्टर एप्रिल ते सप्टेंबर, आपली परीक्षा मेमध्ये. मला सहाव्या सेमिस्टरचे पेपर परत येऊन द्यावे लागले आणि तिथले क्रेडिट अजून फायलीत फिरतायत. कोणता विषय कशाच्या बदली, हे जायच्या आधी सही करून ठेवलं तर पुढच्याचे हाल वाचतील.

रूममेटने माझ्याकडून फोटो मागितले नाहीत. लॅबच्या नोट्स मागितल्या, त्याही दोन दिवसांत वाचून परत केल्या, समासात माझ्या दोन चुका दुरुस्त करून. तो आता गेटच्या तयारीत आहे.

एक्स्चेंजची नवी नोटीस लागली आहे. खालून तिसरी ओळ वाचा, 'आर्थिक क्षमतेचा पुरावा जोडावा'. ती वाचून ज्याचा हात फॉर्मवरून मागे येईल त्याने आधी माझ्या खोलीवर यावं. खर्चाचा सगळा कागद माझ्याकडे आहे. तो घेऊन प्राचार्यांकडे आपण दोघं मिळून जाऊ.