शंटिंगचें कोडें आणि आमचें शिक्षण

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांत हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मुलगा अभ्यास सोडून संगणकावर आगगाडी चालवीत बसतो. आणि तीही वेगानें पुण्यास नेत नाहीं, तर दहा वाघिणी तासभर पुढें-मागें ढकलीत राहतो! वेगाच्या खेळाचें कौतुक करण्यास वडील मंडळी एक वेळ तयार होतील. हें ढकलणें मात्र त्यांस निव्वळ खुळेपणाचें वाटतें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. गाडी पळविण्यापेक्षां शंटिंग करणें श्रेष्ठ. आणि दुसऱ्यानें सोडवावें असें शंटिंगचें कोडें स्वतः रचणें हें तर आमच्या शाळा-कॉलेजांत मिळणाऱ्या बहुतेक शिक्षणाहून श्रेष्ठ होय.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. कोल्हापूरहून पुण्याकडे आगगाडीनें गेलेल्यांस आठवत असेल कीं, मिरजेस इंजिन गाडीपासून सुटतें, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकास येतें, आणि गाडी उलट्या तोंडानें सांगलीकडे निघते. शंटिंगचा हा सर्वांत सोपा धडा. त्यास एक मोकळी वाट लागते. ती नसेल तर इंजिन आपल्याच डब्यांमागें कोंडलें जातें. इंग्लंडांतील अॅलन राइट यांनीं छोट्या रेल्वेच्या शौकिनांकरितां रचलेलें एक प्रसिद्ध कोडें याच तत्त्वावर उभें आहे. तीन साइडिंगें, एकावर पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. इंजिन ज्या तुकड्यावर मागें-पुढें होतें त्यावर इंजिनाखेरीज तीनच वाघिणी मावतात. वाघिणी एकंदर आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पांच निवडावयाच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमानें त्यांची गाडी लावावयाची. असे क्रम ६,७२० होतात! साइडिंगांवर जागा अकरा, वाघिणी आठ. म्हणजे रिकाम्या जागा तीनच. सारें कोडें त्या तीन रिकाम्या जागांत आहे. त्या वाढविल्या तर कोडें मिळमिळीत होतें; अजीबात काढून टाकल्या तर खेळणाऱ्याची फसवणूक होते.

मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ सालीं निघाला, तेव्हां त्याबरोबरच असे प्रसंग रचण्याचें साधनही मिळत असे. त्याच वळणाचा ओपन रेल्स हा खेळ तर आज मोफत मिळतो. साधन हातीं आलें म्हणजे नवशिका काय करतो? चाळीस वाघिणी, बारा सांधे आणि वीस आज्ञा! ही वाघीण येथून उचल, तेथें ठेव. कां, तें कोणीच सांगत नाहीं. याला कोडें कोण म्हणेल? ही हमाली झाली. हळूहळू त्यास उमजूं लागतें कीं, वाघिणी मोजण्याआधीं रुळांची लांबी मोजावी लागते. प्रत्येक हालचालीस कारण द्यावें लागतें. आणि आपलें कोडें दुसरा सोडवीत असतां तोंडांतून अवाक्षर न काढतां बसावें लागतें. खेळणारा जेथें अडतो तेथें बहुधा रचणाऱ्याचीच भाषा किंवा विचार अपुरा पडलेला असतो, हें त्यास तेव्हां कळतें.

कारणेंच हवीं असतील तर मिरजेसारखी शाळा दुसरी नाहीं. १८९१ सालीं तेथून कोल्हापूरची मीटर मापाची वाट सुरू झाली. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी तेथें पोंचली. आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडून रुंद मापाचे रूळ आले. त्यानंतर कित्येक वर्षें त्या एका गांवांत तीन मापांचे रूळ नांदत होते. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापावर जात नाहीं. माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. आज तेथें एकच माप उरलें आहे. जुना प्रसंग रचूं पाहणाऱ्या मुलास नकाशे धुंडाळावे लागतील, एखाद्या निवृत्त सांधेवाल्याच्या दारीं जाऊन नम्रपणें विचारावें लागेल. किंवा एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून तहानलेल्या लातुरास गेलेली पाण्याची गाडी घ्या. पहिल्या खेपेस दहा टाक्या, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. पुढें पन्नास टाक्यांच्या गाड्या गेल्या. आतां नळांसमोर एका वेळीं दहाच टाक्या उभ्या राहतात असें धरा, आणि पन्नासांची गाडी भरून दाखवा. गाडी कोठें तोडाल? भरलेल्या टाक्या कोठें ठेवाल? मुख्य मार्ग किती वेळ अडवून धराल? हा प्रश्न ज्यानें नीट मांडला, त्यानें दुष्काळ, रेल्वे आणि गणित या तिहींचा एकत्र विचार केला.

प्रतिपक्षी विचारतील, याला गुण किती? गुण मुळींच नाहींत, हेंच तर आमचें दुखणें आहे! आम्ही पंधरा-सोळा वर्षें मुलांकडून परक्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें घोकून घेतों. वर्गांत ‘उत्तर लिहा’ म्हटलें कीं लेखण्या धांवूं लागतात. ‘या धड्यावर एक चांगला प्रश्न काढा’ म्हटलें कीं त्या जागच्या जागीं थांबतात. सांगलीस तर यांत नवें कांहीं वाटूं नये. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळें सांगलीचें नांव बुद्धिबळांत गाजलें. तेथें चौसष्ट घरांवर मोहरीं सरकविणाऱ्यास मान, आणि रुळांवर वाघिणी सरकविणाऱ्यास हिणवणी, हा न्याय कोणता? साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ‘कमवा आणि शिका’ या मार्गानें श्रमास शाळेंत प्रतिष्ठा दिली. यार्डांतील श्रमाची रीत समजून घेणाऱ्या मुलाकडे तरी त्या गांवानें पाठ फिरवूं नये.

एक आक्षेप मात्र खरा आहे. पडद्यावर चुकलें तर पुन्हा आरंभ करतां येतो. खऱ्या यार्डांत दोन डब्यांमध्यें शिरून सांखळी जोडणाऱ्या माणसास तशी सवड नसते. हें भान ज्या मुलास नाहीं त्याचा, किंवा रात्रीच्या रात्री जागविणाऱ्याचा, आम्ही कैवार घेत नाहीं. परंतु त्यावर उपाय खेळ बंद करणें हा नव्हे. वडिलांनीं एका रविवारीं मुलाशेजारीं बसावें, त्यानें अथवा तिनें रचलेलें कोडें स्वतः सोडवूं पाहावें, आणि प्रत्येक वाघिणीचें कारण विचारावें. त्यानंतर खुशाल निकाल द्यावा. न खेळतां दिलेला निकाल आम्हांस मान्य नाहीं.