यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे जगभरातील कोट्यवधी चालू संगणक एका दिवसात जुने ठरले. यंत्रांची मोडतोड झाली नव्हती. दूरच्या एका मालकाने निर्णय घेतला होता, इतकेच. अशा निर्णयाला सामान्य माणसापाशी जे स्वाभिमानाचे उत्तर आहे ते लिनक्सचे. सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीतील एखादा तरुण वापरलेला लॅपटॉप घेऊन नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा करू पाहतो, तेव्हा हा प्रश्न हौशी मंडळींचा राहत नाही. म्हणूनच ह्या उत्तरातील एक दुखरी जागा डोळसपणे तपासली पाहिजे. लिनक्स बसवले, महिनोन्महिने सुरळीत चालले, आणि एके सकाळी कर्नेल अपग्रेड होताच वाय-फाय नाहीसे झाले, ही तक्रार खोटी नाही. त्यातली विटंबना अशी की हरवलेले वाय-फाय परत आणणारा ड्रायव्हर मिळतो तो इंटरनेटवरच!

दोष लिनक्सचा, असा निकाल चटकन दिला जातो. तो देण्यापूर्वी घडते काय ते पाहावे. कर्नेल हा प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर हा गाभा व चिप यांच्यामधला दुभाषा. लिनुस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेल्या ह्या गाभ्यात हजारो ड्रायव्हर सामावलेले आहेत. गाभ्याची अंतर्गत रचना ज्याने बदलायची, त्यानेच तेथील सर्व ड्रायव्हरांतही अनुरूप दुरुस्ती करायची, असा तिथला दंडक आहे. वापरणाऱ्याचे कार्यक्रम मोडू द्यायचे नाहीत, हे वचन टोर्वाल्ड्स कसोशीने पाळतात. गाभ्याच्या आतल्या जोडण्या स्थिर राहतील, असे वचन मात्र कोणी दिलेले नाही आणि देणारही नाही, हे कर्त्यांनी उघड सांगितलेले आहे. साहजिकच गाभ्याबाहेर राहिलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा घडवावा लागतो. घडवणारा नसेल तर वाय-फाय बंद.

मग काही ड्रायव्हर बाहेर का राहतात? येथे मालकीचा प्रश्न उभा राहतो. ब्रॉडकॉम ह्या अमेरिकी कंपनीच्या चिपा जुन्या लॅपटॉपांत पुष्कळ आढळतात. त्यांच्या जुन्या चिपांसाठी कंपनीने ना माहिती दिली, ना संहिता. अखेर स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंद ड्रायव्हराचा उलटा अभ्यास केला. एका गटाने चिप कशी वागते याचे टिपण तयार करायचे आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून नवी संहिता लिहायची, म्हणजे चोरीचा आळ येऊ नये, अशी ती शिस्त होती. त्या श्रमाचे फळ २००६ साली कर्नेलमध्ये दाखल झाले. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांचा ड्रायव्हर खुला केला; पण बऱ्याच चिपा तरीही ‘डब्ल्यूएल’ नावाच्या अर्ध्या बंद ड्रायव्हरावर अवलंबून राहिल्या. त्याची कंपनीने काढलेली शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे. त्यानंतर कर्नेलच्या कित्येक आवृत्त्या झाल्या आणि दर वेळी वितरणांच्या स्वयंसेवकांनी ठिगळ लावून तो चालता ठेवला आहे. चिपेचा नफा कंपनीने केव्हाच पदरात पाडून घेतला; तिच्या देखभालीची वेठ समाज करतो आहे. ह्याला बाजाराची कार्यक्षमता म्हणण्याची रीत आहे.

नाशिककरांना हे नवे वाटू नये. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून सोव्हिएत परवान्याखाली मिग विमाने बांधली गेली. कामगारांचे कौशल्य नि:संशय होते. पण १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि सुट्या भागांसाठी धावाधाव करण्याची पाळी देशावर आली. जोडणी आपली आणि मूळ आराखड्यावरचा अधिकार दुसऱ्याचा, ही स्थिती विमानात जशी, तशीच दीड बोटाच्या चिपेतही.

तरीही लिनक्सच्या बाजूला सारे आलबेल आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. जोडण्या स्थिर ठेवल्या तर बंद ड्रायव्हरांना कायमचे अभय मिळेल आणि जुन्या चुका गाभ्यात गोठतील, हा कर्त्यांचा युक्तिवाद योग्यच आहे. परंतु त्याची किंमत कर्ते मोजत नाहीत, कंपन्याही मोजत नाहीत. ती मोजतो स्वस्तातले जुने यंत्र घेणारा. तत्त्वासाठी सोसायचे ते ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याने, हे कोणत्याही चळवळीला शोभणारे नाही. उबुंटूसारखी वितरणे एकाच दीर्घकालीन आवृत्तीत काही महिन्यांनी कर्नेल बदलतात, तेव्हा हा धोका वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगण्याची तसदी त्यांनी अवश्य घ्यावी.

तोवर वाचनालयात, पतसंस्थेत, शाळेत संगणक सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला काही गोष्टी ठाऊक हव्यात. अपग्रेडनंतर आधीचे कर्नेल लगेच पुसू नये; यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीतून ते निवडता येते आणि वाय-फाय बहुधा तेथे जिवंत असते. बाहेरचा ड्रायव्हर वापरणे भाग असेल तर तो ‘डीकेएमएस’ ह्या व्यवस्थेमार्फत बसवावा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो आपोआप पुन्हा घडवला जातो. मात्र त्या कर्नेलचे ‘हेडर्स’ सोबत असले पाहिजेत. ते नसतात आणि मग ड्रायव्हराला नावे ठेवली जातात. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक सांकेतिक शब्द मागितला जातो व पुढच्या वेळी निळा पडदा येऊन किल्ली नोंदवण्याविषयी विचारतो. घाईत तो पडदा ओलांडला की ड्रायव्हर घडूनही गाभा त्याला दारातच अडवतो. आणि काहीच जमेना तर मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते; ड्रायव्हर उतरवण्यापुरते तेवढे पुरे.

अपग्रेड टाळत राहणे हा मात्र मार्ग नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात, आणि कधी कधी वाय-फायही त्यातूनच येते. रियलटेक कंपनीच्या कित्येक स्वस्त यूएसबी डोंगलांना पूर्वी बाहेरचा ड्रायव्हर लागे; २०२३ च्या ६.२ कर्नेलपासून त्यांतील अनेकांचा ड्रायव्हर गाभ्यातच आला आहे.

खरी कळ आहे ती खरेदीच्या टेबलावर. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले, आणि केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालवून दाखवले आहेत. त्या धोरणाचा धागा यंत्रांच्या निविदेपर्यंत यायला हवा. वाय-फायच्या चिपेचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नेलमध्ये समाविष्ट असावा, ही एक ओळ नाशिक महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी होणाऱ्या संगणक-खरेदीत घालायला पैसा लागत नाही. पुरवठादाराने लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, वेगळे काही न बसवता वाय-फाय जोडून दाखवावे, एवढी चाचणी दहा मिनिटांची आहे. जेथे समाजवादी कार्यकर्ते शाळा समित्यांवर, ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर, सहकारी पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर बसलेले आहेत, तेथे ही अट पुढच्याच खरेदीच्या ठरावात मांडता येईल.