पावणेदोन हातांखालची जमीन

जमिनीच्या प्रतबंदीचें जुनें दप्तर ज्यांनीं हाताळलें आहे त्यांस हें ठाऊकच असेल कीं, आपल्या प्रांतांत जमिनीची परीक्षा फार तर पावणेदोन हात खोलीपर्यंत झालेली आहे. गोल्डस्मिड व विंगेट या दोघां साहेबांनीं सन १८३५ चे सुमारास इंदापुराकडे पाहणीस आरंभ केला. पुढें सन १८४७ च्या संयुक्त अहवालानें जी रीत कायम झाली, तींत मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमीन आण्यांवर चढविली. उत्तम जातीची आणि पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार, ओहोळाचा मारा असे दोष निघतील त्या मानानें खालीं. पद्धत चोख होती. परंतु पावणेदोन हातांखालीं सरकारास आकार घ्यावयाचा नव्हता, म्हणून तेथें कोणी डोकावलें नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आयुष्य घालविलें. सात-बाराच्या उताऱ्यावर विहीर आहे किंवा नाहीं हें लिहिलेलें आढळे. ती कोणत्या खडकांत आहे हें कधीं आढळलें नाहीं. आणि आज शेतकऱ्याचा पैसा, बहुधा कर्जाऊ पैसा, त्या न पाहिलेल्या भागांतच जात आहे.

तेव्हां तेथें आहे तरी काय? महाराष्ट्राचा सुमारें चार पंचमांश मुलूख काळ्या अग्निजन्य पाषाणाचा आहे. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडून तप्त रस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. कांहीं काळानें त्यावर दुसरा आला. असे थरावर थर बसले. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे व माथ्यावर सपाट दिसतात ते यामुळेंच. या पाषाणास विद्वानांनीं दिलेलें ‘ट्रॅप’ हें नांवही स्वीडनच्या भाषेंतील जिन्यावरून आलेलें आहे. थरांची एकंदर जाडी पश्चिमेस अधिक. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठीं घेतलेल्या बोअरांत सुमारें ९३० मीटर पाषाण ओलांडल्यावर खालचा जुना ग्रॅनाइटी खडक आला. किल्लारीस सन १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरांत हा पाषाण ३३८ मीटरांवरच संपला. भंडारा-गडचिरोलीकडे बहुतेक जुनाच खडक उघडा आहे, तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत गाळ आहे, दक्षिण कोंकणांत जांभा आहे. तिकडच्या बंधूंनीं आपापल्या भागाविषयीं लिहावें. आम्ही देशावरच्या विहिरींपुरतें बोलतों.

आमच्या लोकांची एक समजूत अशी कीं, खालीं कोठें तरी पाण्याचा अखंड पाट वाहत आहे, आणि जो अधिक खोल जाईल त्यास तो लागेल. यंत्रवालेही तिला खतपाणी घालतात, कारण त्यांची मजुरी फुटावर असते. वस्तुस्थिति निराळी आहे. थिजलेल्या एका थराचा मधला व खालचा भाग निखळ असतो. त्यांत पाणी शिरेल तर भेगांनींच. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो, यास कित्येक ठिकाणीं मांजऱ्या म्हणतात. पण तींही छिद्रें पुष्कळदां पांढऱ्या खनिजांनीं भरलेलीं असतात. हवापाण्यानें कुजून त्याचा मुरूम होतो, तेव्हां कोठें पाण्यास जागा मिळते. दोन थरांच्या मध्यें अनेकदां तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पाणी सहसा खालीं जाऊं देत नाहीं, त्यामुळें त्याच्या माथ्यावर पाणी थांबतें. एवढें सगळें धरूनही शंभर घनफूट सच्छिद्र किंवा कुजक्या पाषाणांतून उपसतां येणारें पाणी एक ते तीन घनफूट धरतात. नदीकांठच्या वाळूमिश्रित गाळांत तेंच बारा घनफुटांहून अधिक धरतात. खानदेशांतील पाहुण्याची विहीर पाहून आपल्या माळावर हट्ट धरणारांनीं हे दोन आंकडे लक्षांत ठेवावे.

आमचाही हट्ट झाला, तो सांगण्यास संकोच कां करावा? आमची विहीर ४५ फूट, तळाशीं काळा कठीण पाषाण. उन्हाळ्यांत कोरडी पडे. पाणाड्या आला, नारळ हातावर उभा राहिला, आणि आम्हीं विहिरीशेजारीं ३८० फूट बोअर घेतलें. धुरळ्याशिवाय कांहीं निघालें नाहीं. पुढें गांवांतील विहिरी खोदणाऱ्या एका म्हाताऱ्याशीं बोलणें झालें. आमच्या खालच्या अंगास चुलत्यांचें शेत आहे. त्यांच्या विहिरींत तीस फुटांवर तांबडा पट्टा लागला व त्याच्या माथ्यावरूनच झरे आहेत, असें त्यानें सांगितलें. आम्हीं उंचीचा फरक मोजविला, तो एकवीस फूट भरला. म्हणजे आमच्याकडे तो पट्टा एक्कावन्न फुटांवर असावयास हवा. आमची विहीर सहा फूट वरच थांबली होती! आणि बोअर त्यांतून गेलें तेव्हां पट्टा ढासळूं नये म्हणून साठ फूट लोखंडी नळी बसविली होती, तीनें तेथलें पाणी बाहेरच अडविलें. म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, आधीं इचारलं असतं तर सांगितलं असतं.” पुढच्या उन्हाळ्यांत सहा फूट तळ काढला. बारमाही पाणी झालें नाहीं, पण गहू-हरभरा निघतो. बोअरचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे.

या पाषाणाचे थर बहुतेक आडवे आहेत. म्हणून एका विहिरीचें टिपण शेजारच्या दहा शेतांस उपयोगी पडतें. मात्र प्रत्येक विहिरीची खोली एकाच ठरीव उंचीपासून मोजली पाहिजे, नाहीं तर ताळा जमणार नाहीं. टिपणानें पाणी मिळेलच असें नव्हे. भेगांचा नेम नसतो. पण कोठें थांबावें हें कळेल, आणि तें कळणें हजारों रुपयांचें आहे.

सन २००९ च्या भूजल कायद्यांत साठ मीटरांहून खोल विहिरींस मनाई व यंत्रवाल्यांची नोंदणी सांगितली आहे. कायदा पुस्तकांत असतो आणि यंत्र रात्रीं येतें, हा आमचा अनुभव. सरकारचे भूजलतज्ज्ञ आहेत, पण प्रत्येक शेतांत ते कसे उभे राहणार? आमच्या मतें हें काम संस्थेनें घ्यावें. विहिरीसाठीं किंवा बोअरसाठीं कर्ज देतांना थरांचें टिपण दिल्यावांचून शेवटचा हप्ता देऊं नये, आणि हीं टिपणें गटवार एका वहींत सर्वांस पाहण्यास ठेवावीं. कांहीं सभासद म्हणतील, आपली विहीर उघडी करून शेजाऱ्यास कां सांगावी? शेजारी न विचारतां तीनशें फूट गेला तर आपलें पाणीही कदाचित् त्याच भोंकांतून उतरेल, एवढेंच त्यांस उत्तर.

आमचें टिपण चिटणिसांकडे दिलें आहे: माती ३ फूट, मुरूम १५, सच्छिद्र खडक ९, निखळ पाषाण २०, भेगांचा पाषाण ४, त्याखालीं तांबडा पट्टा, पाणी भेगांतून.