फोनवरच्या रेषेनं बांध फोडू नका



गेल्या पंधरवड्यात आमच्या शिवारात एका बांधावर जेसीबी येऊन उभा राहिला. कारण काय, तर एकानं फोनवरच्या ॲपात गटाचा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर चढवून बघितला आणि हद्दीची लाल रेष शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या दोन ओळी ओलांडून पलीकडं गेलेली दिसली. "सॅटेलाईट खोटं बोलतं व्हय?" एवढाच त्याचा सवाल.

मी त्याला त्याच ॲपात गावची सामाईक विहीर बघायला लावली. नकाशातली विहीर रस्त्याच्या मधोमध. मग मारुतीचं देऊळ बघितलं, तर तेही त्याच बाजूला, तेवढंच सरकलेलं. म्हणजे शेजाऱ्यानं काही सरकवलं नव्हतं, अख्खा गावनकाशाच सरकला होता. जेसीबी परत गेला. पण प्रत्येक बांधावर विहीर बघायला सांगणारा कुणी असतोच असं नाही, म्हणून हे लिहितोय.

सॅटेलाईट खोटं बोलत नाही, मान्य. पण कोणताही अक्षांश-रेखांश हा आधी पृथ्वीचा एक आकार धरून काढलेला असतो. आकार बदला, आकडा बदलतो. हे आपल्याला कुणी सांगत नाही, आणि माझं भांडण इथंच आहे.

पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त आहे. नकाशासाठी म्हणून एक चपटा गोळा धरावा लागतो. आपल्या देशाचा जुना गोळा एव्हरेस्टचा, १८३० सालचा. तो ज्या मोजणीतून निघाला ती लॅम्बटननं १८०२ साली मद्रासमध्ये सुरू केली होती. हा लॅम्बटन काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. माणसानं साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन जे काम केलं त्याला तोड नाही. पण तो गोळा भारताला नीट बसेल असा बेतलेला होता, सगळ्या पृथ्वीला नव्हे. आजचा जीपीएस वापरतो तो डब्ल्यूजीएस-८४ नावाचा गोळा. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टपेक्षा सुमारे ८६० मीटरनं मोठी आहे आणि दोघांचे मध्यबिंदूही वेगळे आहेत.

शेताला याचा काय फरक पडतो? जुन्या सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरचा अक्षांश-रेखांश रूपांतर न करता फोनमध्ये टाकला, तर आपल्या भागात जागा १०० मीटरहून जास्त सरकते. चौरस एकराची बाजू असते जेमतेम ६४ मीटर. म्हणजे तुम्ही बांधावर नाही, थेट तिसऱ्याच्या शेतात उभे!

आता आपला गावनकाशा. तो या दोन्ही गोळ्यांवर नाही. त्याचं मूळ शंकू-साखळीच्या मोजणीत आहे. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात जी पद्धत बसवली, तिच्यातूनच आपली सर्वे नंबरांची शिस्त आली. टिपणात अंतर असतं: या दगडापासून त्या दगडापर्यंत इतक्या साखळ्या, इतके आणे. अक्षांश-रेखांश नसतोच. दोन-चार एकरांत पृथ्वीची गोलाई नगण्य असते, त्यामुळं ती मोजणी आपल्या जागी आजही उपयोगी आहे.

घोटाळा होतो तो हा कागद स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवताना. कागद दमटपणानं आकसलेला असतो. चार-सहा खुणा धरून तो ताणला जातो. ज्या खुणा धरल्या तिथं जुळतो, बाकी ठिकाणी कुठं दोन मीटर, कुठं वीस मीटर हुकू शकतो. त्यावर फोनचा स्वतःचा जीपीएस: उघड्या आभाळाखाली साधारण ५ मीटरची चूक, झाडाखाली त्याहून जास्त. आणि भांडण कशावरून? दीड फुटाच्या बांधावरून!

कृषी पदवीधर मित्रांनाही एक सांगायचंय. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपात असतात, त्यात विषुववृत्तापासून लांब जाल तसं क्षेत्र फुगतं. १९ अंश अक्षांशावर सरळ त्या सपाट नकाशावरून क्षेत्र काढलं, तर ४० गुंठ्याचे पावणेपंचेचाळीस गुंठे दिसतात. चांगली ॲप हे दुरुस्त करून दाखवतात. पण संगणकावर स्वतः थर चढवून क्षेत्र काढणाऱ्यानं प्रक्षेप तपासला नाही, तर खताचा डोस, फवारणीचं पाणी, विम्याचं क्षेत्र, सगळं बारा टक्क्यांनी चुकणार. शेतकऱ्याला "तुमचा सातबारा चुकीचा आहे" म्हणण्याआधी आपला प्रक्षेप बघा.

उंचीचं तर आणखी वेगळं. जीपीएसची मूळ उंची त्या गणिती गोळ्यापासून असते. पाणी मात्र गणित बघत नाही, ते गुरुत्वाकर्षणाच्या पातळीनं वाहतं. ती पातळी, म्हणजे जिऑइड, श्रीलंकेच्या दक्षिणेला गोळ्याच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे. आपल्याकडंही ती साठ-सत्तर मीटरच्या आसपास खाली आहे. म्हणून काही ॲपांत गावाची उंची तेवढी कमी दिसते. शेततळ्याला याची फिकीर नको, एका शेतात हा फरक सगळीकडं सारखाच. पण काही किलोमीटरच्या पाटाला किंवा पाइपलाइनला जिऑइडची दुरुस्ती न करता जीपीएसची उंची वापरली तर किलोमीटरमागे काही सेंटिमीटरची चूक येऊ शकते. पाटाचा उतार १ ला ५००० असेल तर किलोमीटरला फक्त २० सेंटिमीटर मिळतात. त्यातले पाच गेले तर काय राहिलं? आपली पाणी भरलेली पारदर्शक नळी तेवढ्या अंतरात खरी पातळी दाखवते. तिला हसू नका.

कुणी म्हणेल, म्हणजे नवं तंत्र नको का? हवं की! रोव्हर घेऊन मोजणीदार आला तर दोन-चार सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते. साखळीला ते जमत नव्हतं. पण ती अचूकता आजच्या दगडाची जागा सांगते. मूळ हद्द कुठं होती हे टिपणावरूनच ठरवावं लागतं. यंत्र कितीही बारीक मोजत असलं, तरी चुकीच्या दगडापासून सुरुवात केली तर चूकच बारीक मोजली जाते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मोजणीच्या प्रत्येक 'क' प्रतीवर कोपऱ्यांचे आकडे द्या, आणि ते कोणत्या गोळ्यावर, कोणत्या प्रक्षेपात आणि किती अचूकतेचे आहेत हे मराठीत एका ओळीत लिहा. गावनकाशा ऑनलाईन दाखवताना त्याच्यावर ठळक लिहा, की ही रेष हद्द ठरवायला नाही. तंबाखूच्या पुडीवर इशारा छापता येतो, मग इथं का नको? ज्या नकाशावर हे लिहिलेलं नाही, तो माझ्या लेखी अर्धवट.

आणि आपल्यासाठी. फोनवर रेष बघितली की आधी विहीर, देऊळ, तीन गावांच्या शिवेवरचा दगड बघा. तिन्ही जुळले नाहीत तर फोन खिशात ठेवा. जुळले तरी तो अंदाजच, निकाल नव्हे. शंका राहिली तर हद्द कायमची मोजणी मागा, पटली नाही तर निमताना मागा, पण जेसीबी मागवू नका. आणि नांगरताना हद्दीचा दगड उपटून बांधावर फेकायची सवय सोडा. गोळा एव्हरेस्टचा असो की डब्ल्यूजीएसचा, दोन्हींना टेकायला जमिनीवर एक खूण लागते. ती आपणच उपटली तर उद्या सॅटेलाईटला दोष देऊन उपयोग नाही.