पहिला नंबर सोडू नका

कात्रज चौकातल्या टपरीवर कबड्डीचा विषय निघाला की एक वाद ठरलेला. बाद फेरी पक्की झाल्यावर मुख्य खेळाडूंना साखळी सामन्यांत झिजवायचं कशाला? पहिला नंबर आला म्हणून चषक थोडाच मिळतो? मला हे पटत नाही. पहिल्या नंबरासाठी शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजायलाच हवं.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने 22 पैकी 17 साखळी सामने जिंकले, फक्त 2 गमावले आणि 96 गुणांसह अव्वल स्थान घेतलं. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत आणि पुढच्या चौघांना आधी एलिमिनेटर, असा तेव्हाचा नियम. म्हणजे बाद फेरीतला एक सामना पुण्याने साखळीतच वाचवला. मग पाटण्याला 37-21 आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असं हरवून पलटणने पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं.

अव्वल किंवा सरस ठरलेला संघ हरतोही. आठव्या हंगामात साखळीत पहिल्या आलेल्या पाटण्याचा चषक एका गुणाने गेला. 2025 मध्ये पलटण पुन्हा अव्वल होती, पण अंतिम सामन्यात दिल्लीकडून 28-31 अशी हरली. आयपीएलमध्ये 2017 साली पुण्याच्या संघाने मुंबईला त्याच हंगामात तीनदा हरवलं आणि अंतिम सामना एका धावेने गमावला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हाच वाद चालतो. 2023 मध्ये तिथले शंभर किंवा त्याहून अधिक सामने जिंकलेले तिन्ही संघ बाद फेरीतली पहिलीच मालिका हरले. 90 विजयांचा टेक्सास रेंजर्स जगज्जेता झाला.

पण एका संध्याकाळी एखादी पकड सुटते, एखादी चढाई फसते आणि चषक जातो. साखळीत मात्र कित्येक आठवडे, प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहावं लागतं. संघ खरा कसा आहे, ते तिथेच कळतं. म्हणून साखळीतल्या पहिल्या नंबराचा मान चषकापेक्षा हलका मानणं हा खेळाडूंच्या घामावर अन्याय आहे.

विश्रांतीची गरज मी नाकारत नाही. विजेतेपदानंतरच्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीने बाहेर गेला आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. यातून घ्यायचा धडा असा, की राखीव चढाईपटू आणि बचावपटूंना हंगामाच्या सुरुवातीपासून मॅटवर उतरवा, मुख्य खेळाडूंचा भार तेव्हापासूनच वाटून घ्या. शेवटच्या आठवड्यात अख्खा संघ बाकावर बसवला तर अंगाला विश्रांती मिळते, पण जिंकायची सवय मोडते. बाद फेरीची सर्वांत चांगली तयारी म्हणजे साखळीतला प्रत्येक सामना जिंकण्यासाठी खेळणं. पलटणच्या प्रशिक्षकांनी पुढच्या हंगामातही पहिल्याच नंबरावर डोळा ठेवावा.